घरगुती पाककृतींची पोषणगणना : अन्नघटक-कोष्टकापासून ॲपपर्यंत

घरी रांधलेल्या अन्नातून किती उष्मांक, किती प्रथिने आणि किती स्निग्ध पदार्थ पोटात गेले याचा रोजचा हिशेब भ्रमणध्वनीवरील ॲपमध्ये मांडण्याची प्रथा गेल्या दोन दशकांत रूढ झाली. या प्रकारातील सुप्रसिद्ध ‘मायफिटनेसपाल’ अमेरिकेत २००५ साली संकेतस्थळाच्या रूपाने निघाले व पुढे भ्रमणध्वनीवर आले. भारतीय पदार्थांवर विशेष भर देणारे ‘हेल्दीफायमी’ बंगळूर येथे २०१२ साली सुरू झाले. साधन नवे असल्यामुळे त्यामागील गणितही नवे असावे असा समज सहज होतो. वस्तुतः ते गणित सव्वाशे वर्षांहून जुने आहे, आणि त्यातील मुख्य अडचणही तितकीच जुनी आहे. कोष्टक ओळखते ते मुख्यतः कच्च्या जिनसांना. मनुष्य खातो ते शिजलेले अन्न. या दोहोंच्या मध्ये पातेले आहे. पातेल्यात पाणी आटते, कढईत तेल शोषले जाते, भाताची पेज ओतून दिली जाते, आणि जे ताटात येते त्याचे वजन व घटक बाजारातून आणलेल्या जिनसांशी जुळेनासे होतात. पोषणगणनेचा इतिहास हा पुष्कळ अंशी हे पातेले ओलांडण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे. पूर्वीच्या संशोधकांनी त्यासाठी ज्या रीती बसविल्या त्यांपैकी ॲपने कोणती उचलली आणि त्या रीतीबरोबरच्या कोणत्या अटी वाटेत गळाल्या, हे पाहिल्यावाचून ॲपमधील आकड्यास पुरावा म्हणून कितपत मान द्यावा हे ठरविता येणार नाही.

अन्नाचे रासायनिक पृथक्करण करून त्याची कोष्टके छापण्याचा उद्योग प्रथम जर्मनीत भरभराटीस आला. योसेफ कोनिग याचा अन्नरसायनावरील ग्रंथ १८७८ साली प्रसिद्ध झाला. माक्स रुबनर याने १८८५ च्या सुमारास प्रथिने व पिष्टमय पदार्थ यांच्या दर ग्रॅममागे ४·१ आणि स्निग्ध पदार्थांच्या दर ग्रॅममागे ९·३ किलोकॅलरी हे गुणक ठरविले. म्यूनिक येथे कार्ल फॉइट याच्या प्रयोगशाळेत काम करून अमेरिकेस परतलेल्या विल्बर अ‍ॅटवॉटर याने हे शास्त्र आपल्या देशात नेले. कनेक्टिकट राज्यातील वेस्लियन विद्यापीठात त्याने एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाच्या साहाय्याने श्वसन-उष्मामापक उभारला. त्या बंद कोठडीत मनुष्य काही दिवस राही आणि त्याने घेतलेले अन्न, टाकलेला मल व बाहेर पडलेली उष्णता यांचा ताळा जमविला जाई. अन्नातील जो अंश शरीरात न जिरता बाहेर पडतो तो वजा करून अ‍ॅटवॉटरने ४, ९ व ४ हे सुटसुटीत गुणक निश्चित केले. आजच्या ॲपमध्ये उष्मांकांचा जो आकडा झळकतो तो बहुतेक वेळा याच तीन गुणकांच्या किंवा त्यांच्या सुधारित रूपाच्या आधारे आलेला असतो.

अ‍ॅटवॉटर व चार्ल्स वुड्स यांनी अमेरिकन खाद्यपदार्थांचे कोष्टक १८९६ साली प्रसिद्ध केले. त्यातील एक गोष्ट आज विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. प्रत्येक पदार्थापुढे किती नमुन्यांचे पृथक्करण झाले ती संख्या, आणि सरासरीच्या जोडीला किमान व कमाल आकडे, अशी त्याची मांडणी होती. गोमांसाचा एकच तुकडा कधी चरबीने भरलेला तर कधी जवळजवळ कोरा असतो, हे वाचकाला सरासरीच्या शेजारीच दिसत असे. म्हणजे अनिश्चिततेची कबुली कोष्टकाच्या रचनेतच होती.

कुटुंबांच्या आहाराची पाहणी करताना अ‍ॅटवॉटर व त्याच्या सहकाऱ्यांनी पातेल्याचा प्रश्न सोडविला नाही. तो त्यांनी चतुराईने टाळला. पाहणीच्या आरंभी घरात असलेल्या सर्व जिनसांची मोजदाद व्हायची, मधल्या दिवसांत आलेला माल मिळवला जायचा, अखेरीस उरलेला साठा वजा व्हायचा, आणि टाकून दिलेले अन्नही तोलले जायचे. स्वयंपाकघरात काय घडले याची विचारपूस करण्याचे कारणच पडत नसे. उंबरठ्यावर तराजू ठेवून आत गेले किती आणि बाहेर पडले किती एवढेच पाहायचे, अशी ही रीत होती. तिची किंमत अशी की, हिशेब संपूर्ण कुटुंबाचा मिळे, व्यक्तीचा मिळत नसे. कुटुंबाचे माणशी हिस्से पाडण्यासाठी मध्यम श्रमाचे काम करणाऱ्या पुरुषास एक मानून स्त्रीचा हिस्सा त्याच्या ०·८ धरण्यात आला. ज्या गृहिणीच्या सहकार्यावर अशी पाहणी चालायची तिचा स्वतःचा आहार अशा रीतीने प्रत्यक्ष मोजलाच गेला नाही. तो एका अपूर्णांकाने गृहीत धरला गेला.

कोष्टकात जे नाही ते अन्नातही नाही असे मानण्याचा मोह या शास्त्राला आरंभापासूनच जडलेला आहे. जीवनसत्त्वांचा शोध लागण्यापूर्वी अ‍ॅटवॉटरच्या हिशेबात पालेभाज्या व फळे म्हणजे थोड्या उष्मांकांसाठी फार पैसे घेणारे पदार्थ ठरत, आणि काटकसर करू इच्छिणाऱ्या मजुरास त्यांवर खर्च करण्याचा सल्ला मिळत नसे. गुणकही अखेर सरासरीच होते. अमेरिकन कृषिखात्याच्या संशोधकांनी २०१२ साली बदामांवर केलेल्या प्रयोगात २८ ग्रॅम अख्ख्या बदामांपासून शरीरास प्रत्यक्षात सुमारे १२९ किलोकॅलरी मिळतात असे आढळले. नेहमीच्या गुणकांप्रमाणे तो आकडा १७० च्या आसपास येत होता. चावून न फुटलेल्या पेशींतील तेल शरीराला मिळतच नाही. तेव्हा पदार्थ अख्खा खाल्ला की कुटून, यावरही हिशेब अवलंबून राहतो, आणि हा प्रश्न पुन्हा स्वयंपाकघराकडेच बोट दाखवितो.

कोष्टक प्रयोगशाळेतून सामान्य माणसाच्या हाती जाण्यास पहिल्या महायुद्धापर्यंतचा काळ लागला. लुलू हंट पीटर्स या कॅलिफोर्नियातील स्त्री-डॉक्टरने १९१८ साली लिहिलेल्या पुस्तकाने उष्मांक मोजून वजन घटविण्याची कल्पना अमेरिकेत घरोघर पोचविली. शास्त्रीय दृष्ट्या त्या पुस्तकात नवे फारसे नव्हते. मात्र तराजू धरणारा हात या काळात बदलला, आणि पाहणी करणारा व ज्याची पाहणी करावयाची तो या दोन भूमिका एकाच व्यक्तीत एकवटल्या.

पातेल्याला खरोखर सामोरे जाण्याची गरज मधुमेहाने निर्माण केली. इन्शुलिन १९२२ पासून उपचारात आले. ते टोचून घेणाऱ्या रोग्यास एका जेवणात पिष्टमय पदार्थ किती घेतले हे ठाऊक असणे जीवनमरणाचे ठरू लागले. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधील डॉ. रॉबिन लॉरेन्स हे स्वतः मधुमेही असून इन्शुलिनमुळेच वाचलेले होते. त्यांच्या प्रेरणेने रॉबर्ट मॅकॅन्स यांनी फळे व भाज्या यांचे कच्च्या आणि शिजविलेल्या अशा दोन्ही स्थितींत पृथक्करण केले, आणि दोघांचा अहवाल १९२९ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकन कोष्टकांत पिष्टमय पदार्थांचा आकडा वजाबाकीने काढलेला असे. म्हणजे पाणी, प्रथिने, स्निग्धांश व राख वगळून जे उरेल ते सर्व त्यात मोडे. शरीरात शोषली जाणारी शर्करा व पिष्ट निराळे, आणि न पचणारा तंतुमय भाग निराळा, असा भेद मॅकॅन्स व लॉरेन्स यांनी प्रथमच कटाक्षाने केला. हा भेद केवळ परिभाषेचा नव्हता. इन्शुलिनची मात्रा त्यावर ठरावयाची होती.

मॅकॅन्स व एल्सी विडोसन यांची गाठ १९३३ साली पडली ती याच रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात. मांस शिजताना त्यातून काय काय निघून जाते याचा अभ्यास मॅकॅन्स तेथे करीत होते. विडोसन मोठ्या प्रमाणावरील पाकक्रियेचे शिक्षण घेण्यासाठी आल्या होत्या. मॅकॅन्स यांच्या फळांवरील आकड्यांत फलशर्करा कमी दिसते, कारण पृथक्करणात वापरलेल्या आम्लाने तिचा काही भाग नष्ट होतो, असे विडोसन यांनी त्यांना दाखवून दिले आणि तेथून त्यांचे दीर्घ सहकार्य सुरू झाले. दोघांचे अन्नघटक-कोष्टक १९४० साली बाहेर पडले. ताटात येते त्या स्थितीतील अन्नाचे पृथक्करण हा त्याचा कणा होता. अनेक जिनसांच्या मिश्र पदार्थांसाठी त्यांनी घटकांची वजने व शिजताना होणारा वजनातील फरक यांवरून हिशेब केला आणि त्या पदार्थाची पाककृती ग्रंथातच दिली. वाचकाची पाककृती निराळी असेल तर छापील आकडा त्याला लागू नाही, हे ताडून पाहण्याची सोय अशा रीतीने ग्रंथातच झाली. पाककृतीविना पदार्थाचा आकडा म्हणजे पत्त्याविना पाकीट होय. ही जाण या दोघांना पुरेपूर होती. विडोसन यांनी १९३६ साली ६३ पुरुषांचा आहार प्रत्येकी स्वतंत्रपणे तोलून नोंदविला, व त्याच वर्षी मॅकॅन्ससह तितक्याच स्त्रियांचा. एकाच प्रकारच्या राहणीतील दोन व्यक्तींच्या आहारात केवढी तफावत असते हे त्यातून उघड झाले. अपूर्णांकांनी पाडलेले हिस्से किती फसवे असतात याचा याहून चांगला पुरावा त्या काळी उपलब्ध नव्हता.

पुढील काळात प्रत्येक पदार्थाचे पृथक्करण करणे खर्चाचे असल्यामुळे कच्च्या जिनसांवरून गणित करून त्यास दुरुस्तीचे गुणक लावण्याची रीत सर्वत्र स्थिरावली. एक गुणक शिजल्यावर वजन किती पटीने वाढते वा घटते ते सांगणारा, दुसरा प्रत्येक जीवनसत्त्वाचा किती भाग टिकून राहतो ते सांगणारा. अमेरिकन कृषिखात्याने अन्नाच्या निरनिराळ्या अवस्थांतील वजनांची पुस्तिका १९५६ साली काढली. जर्मनीत बोग्नार यांची अशीच कोष्टके २००२ साली प्रसिद्ध झाली.

भारतात या शास्त्राचे केंद्र कुन्नूर येथे होते. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी तेथे सुरू केलेल्या कार्यातून पोषण संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली, आणि १९३५ साली संचालक झालेल्या डब्ल्यू. आर. एक्रॉइड यांच्या नेतृत्वाखाली भारतीय अन्नाची कोष्टके ‘हेल्थ बुलेटिन क्रमांक २३’ म्हणून १९३७ साली निघाली. कोष्टक मुख्यतः कच्च्या जिनसांचे होते. पण पातेल्यात काय होते याचे भान कुन्नूरकरांस अन्य मार्गाने आलेले होते. सडलेला तांदूळ खाणाऱ्या प्रदेशांतील बेरीबेरीचा शोध घेताना असे दिसून आले की, तांदूळ सडताना तर जीवनसत्त्व ब१ जातेच. पण तो अनेक पाण्यांनी धुताना आणि भात वेळून पेज टाकून देतानाही त्याचा मोठा अंश वाहून जातो. उकड्या तांदळात ते पुष्कळसे टिकून राहते. एकच तांदूळ, कोष्टकात एकच आकडा, आणि दोन घरांत दोन निराळी अन्ने : ही गोष्ट एक्रॉइड व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९४० सालच्या तांदूळविषयक ग्रंथात सविस्तर मांडलेली आहे. कोकणात पेज टाकून न देता पिण्याची जी चाल आहे तिचे मोल या दृष्टीने वेगळ्याने सांगावयास नको.

ही प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेस हलली व पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. गोपालन, रामशास्त्री व बालसुब्रह्मण्यन यांचे १९७१ चे कोष्टक भारतीय आहारतज्ज्ञांच्या दोन पिढ्यांनी वापरले. त्याची जागा घेणाऱ्या २०१७ च्या कोष्टकात देशाच्या सहा विभागांतून आणलेल्या नमुन्यांवरून ५२८ पदार्थांच्या १५१ घटकांची मोजणी आहे, आणि सरासरीबरोबर विचलनही दिलेले आहे. त्यात ऊर्जा किलोजूलमध्ये आहे. किलोकॅलरीसाठी ४·१८४ ने भागावे लागते. पण तेही मूलतः कच्च्या जिनसांचेच कोष्टक आहे. आमटी, थालीपीठ वा पुरणपोळी त्यात शोधून उपयोग नाही.

मग भारतीय संशोधकांनी घरातले पातेले कसे ओलांडले? १९७२ साली स्थापन झालेल्या ‘नॅशनल न्यूट्रिशन मॉनिटरिंग ब्यूरो’ने ज्या राज्यांत आहारपाहण्या केल्या त्यांत महाराष्ट्र होता. पाहणी करणारी व्यक्ती प्रमाणित मापांच्या वाट्यांचा संच घेऊन घरी जाई. रांधणाऱ्या बाईस विचारून आदल्या दिवशीच्या पदार्थात कच्च्या जिनसा किती पडल्या ते लिहिले जाई. शिजून एकूण पदार्थ किती वाट्या झाला ते मापले जाई. आणि घरातील प्रत्येकाने त्यातील किती वाट्या घेतल्या ते विचारले जाई. कच्च्या वजनास एकूण शिजलेल्या मापाने भागून व्यक्तीच्या मापाने गुणले की तिच्या वाट्यास आलेल्या कच्च्या जिनसा मिळत, आणि तेथून पुढे कोष्टक वापरता येई. अ‍ॅटवॉटरने टाळलेला आणि विडोसन यांनी तराजूने सोडविलेला प्रश्न येथे वाटीने सोडविला होता. साधन गरीब, पण विचार पूर्ण.

ॲपमधील ‘पाककृती’ ही सोय याच तिसऱ्या रीतीची वारसदार आहे. वापरणारा कच्च्या जिनसा भरतो, ॲप त्यांची बेरीज करते आणि सांगितलेल्या वाढपांच्या संख्येने भागते. एक साधे उदाहरण घ्यावे. १९७१ च्या कोष्टकाप्रमाणे १०० ग्रॅम तूरडाळीत ३३५ किलोकॅलरी व २२·३ ग्रॅम प्रथिने असतात. फोडणीस १५ ग्रॅम तेल म्हणजे १३५, आणि १० ग्रॅम गूळ म्हणजे ३८. मीठ, आमसूल व मसाला सोडून आमटीचे एकूण ५०८ किलोकॅलरी झाले. ती ६०० ग्रॅम भरली तर १५० ग्रॅमच्या वाटीत १२७ किलोकॅलरी येतील. तीच आमटी दुसऱ्यांदा उकळून ५०० ग्रॅमवर आली तर त्याच वाटीत १५२. फोडणीचे तेल नोंदवायचे राहिले, तर पहिल्या वाटीचे ९३ च दिसतील. प्रथिनांचा आकडा तेलाने बदलत नाही, पण पाणी आटल्याने ५·६ ग्रॅमवरून ६·७ वर जातो. वजनाऐवजी ‘चार वाढपे’ असे सांगितले तर पाण्याची अडचण मिटते खरी. मात्र चौघांनी सारखेच घेतले आणि काही उरले नाही तरच. घराघरांत असे घडत नाही. वरचे पातळ एकाच्या वाटीत जाते, तळाची दाट डाळ दुसऱ्याच्या.

काही ॲपमध्ये शिजलेल्या संपूर्ण पदार्थाचे वजन भरण्याची सोय आहे आणि तिचा उपयोग करणारा मनुष्य पूर्वीच्या पाहणीइतका, किंबहुना तिच्याहून अधिक, काटेकोर हिशेब ठेवू शकतो. तळणीत हीच काळजी तेलाच्या बाबतीत घ्यावी लागते. कढईत ओतलेले सारे तेल नोंदविणे जितके चूक तितकेच ते मुळीच न नोंदविणेही चूक. तळणापूर्वीचे व नंतरचे तेल तोलून फरक तेवढा धरला पाहिजे.

खरा बिघाड दुसरीकडे आहे. पाककृती भरण्याचा कंटाळा आलेला मनुष्य तयार नोंदी शोधतो, आणि ‘मायफिटनेसपाल’सारख्या ॲपमध्ये अशा नोंदींचा मोठा भाग इतर वापरणाऱ्यांनीच भरलेला असतो. ‘डाळ, १ वाटी’ या नोंदीमागे कोणती डाळ, केवढी वाटी आणि किती तेल हे सांगणारी पाककृती पाठोपाठ येत नाही. मॅकॅन्स व विडोसन यांचा तयार पदार्थाचा आकडा घेतला गेला. त्याला जोडलेली पाककृती घेतली गेली नाही. अ‍ॅटवॉटरचे गुणक घेतले गेले. किमान व कमाल यांचे रकाने गळून पडले. भिन्न देशांच्या कोष्टकांतून उचललेल्या जिनसा एकाच पाककृतीत शेजारी बसल्या की एकीच्या पिष्टमय आकड्यात तंतू असतात, दुसरीच्या नसतात, आणि बेरीज तरीही बिनचूक दिसते. पडद्यावर उमटणारा एकेरी आकडा १८९६ च्या छापील पानापेक्षा अधिक ठाम आणि कमी प्रामाणिक असतो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

नोंद ठेवणारा व खाणारा एकच झाल्यामुळे उद्भवणारा दोष याहून निराळा आहे. खुणेच्या समस्थानिकांनी युक्त असे पाणी पाजून शरीराचा खरा ऊर्जाव्यय मोजण्याची पद्धती मनुष्यावर १९८२ पासून वापरात आली आणि लेखी आहारनोंदींना बाहेरची कसोटी मिळाली. आहार कमी करूनही वजन उतरत नाही अशी तक्रार असलेल्या स्थूल व्यक्तींच्या एका लहान गटात, १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासानुसार, नोंदविलेला आहार प्रत्यक्षाहून सरासरी ४७ टक्क्यांनी कमी होता. पाककृतीच्या गणितात दहावीस टक्क्यांची चूक शोधीत बसलेल्या अभ्यासकाने हा आकडा विसरू नये. दोन्ही चुका बहुधा एकाच दिशेने जातात, कारण विसरले जाते ते तेल, तूप आणि अधूनमधून तोंडात टाकलेले दाणे.

वजनाची हौस म्हणून हिशेब ठेवणाऱ्यास हे सारे परवडते. इन्शुलिन घेणाऱ्यास परवडत नाही. डॉ. लॉरेन्स यांच्या रोग्यापुढे जो प्रश्न होता तोच आज पुण्याच्या वा नागपूरच्या घरात जेवणापूर्वी ॲप उघडणाऱ्या मधुमेही मुलापुढे आहे. त्याच्या दृष्टीने फोडणीचे तेल त्या घटकेला तितके महत्त्वाचे नाही. भाकरीचे पीठ किती, भाताचे शिजलेले वजन किती, आणि आमटीत गूळ पडला की नाही, हे महत्त्वाचे. ही माहिती ॲपजवळ नसते आणि पुष्कळदा त्या मुलाजवळही नसते. ती रांधणाऱ्या व्यक्तीजवळ असते, व तीही ‘मूठभर’ आणि ‘अंदाजाने’ या मापांत. पाहणी करणारी व्यक्ती पूर्वी त्या बाईसमोर बसून वाटी पुढे करीत असे. आहारनोंदींच्या साठ्यावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक नोंदीस प्रथम हेच विचारावे की, ती भरणारा आणि रांधणारा एक होता की दोन. आणि दोन असतील तर त्या दिवशी त्यांचे या विषयावर काही बोलणे झाले होते काय.